चार बोटांचा टेकू

बेकरीचं मागचं दार अडकतंय, एवढाच निरोप होता. भाचीने सकाळी फोन केला आणि मामा पिशवीत रंधा टाकून निघाला. दार अडकणं म्हणजे काही मोठं काम नव्हे. लाकूड फुगतं, चार हात मारले की वठणीवर येतं. मामा पेशाने सुतार नव्हता, गवंडी होता. पण भाचीच्या दुकानातल्या कुठल्याही कामाला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

तो पोचला तेव्हा भट्टीतून पावांची दुसरी खेप बाहेर निघत होती. परवापर्यंत दार नीट लागायचं, आता खांद्याने ढकलावं लागतं, असं भाची पिठाचे हात झटकत म्हणाली. तिची सात महिन्यांची मुलगी गल्ल्यामागे बाबागाडीत बसून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या उद्योगात होती. मामाने तिच्यापुढे टिचकी वाजवली, मागे गेला, दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि मग वर बघितलं.

दार फुगलं नव्हतं. चौकट वाकली होती.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती. केसाएवढी, नवख्याला दिसलीही नसती. ती तिरकी चढत छताजवळ एका ठिकाणी जाऊन थांबत होती, आणि त्या ठिकाणी गिलाव्याच्या आत काय आहे हे साऱ्या गावात एकट्या मामाला ठाऊक होतं. रंधा हातातच राहिला.

"काय रे, लाकूडच ना?" भाचीने विचारलं.

"लाकूडच," मामा म्हणाला. "जरा वाळू दे. उद्या बघतो."

हे खोटं तोंडातून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच भय वाटलं.

बेकरी होती ती इमारत म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला असलेली, साबणाच्या कारखान्याची जुनी वखार. कारखाना बंद पडला तेव्हा गावाचं कंबरडं मोडलं होतं. रस्त्यावरच्या बेचाळीस दुकानांपैकी नऊ चालू राहिली होती. शाळेतले दोन वर्ग एकत्र करावे लागले होते. तरणी माणसं बॅगा भरून शहराकडे गेली, आणि मागे राहिलेले लोक संध्याकाळी बंद शटरांपुढे खुर्च्या टाकून कोण कोण गेलं याची उजळणी करत बसू लागले. अशात मामाची थोरली बहीण, जिला सगळं गाव ताईच म्हणे, ती उठली. टपाल कचेरीतली नोकरी नुकतीच संपली होती आणि स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने दहा-बारा माणसं जमवून समिती काढली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, रिकाम्या दुकानांच्या मालकांना गाठून गाठून भंडावलं. दर वर्षी ठरलेल्या दिवशी ती साऱ्या गावापुढे उभी राहून वर्षभरात काय झालं ते वाचून दाखवी. पहिल्या वर्षी वाचायला पाऊण पानच होतं: दोन दुकानं उघडली, रस्त्यावरचे दिवे लागले. यंदा सहावं वर्ष. आता एकतीस दुकानं चालू होती, शाळेत वर्ग पुन्हा वेगळे झाले होते आणि शहरात गेलेली एकोणीस घरं परत आली होती. त्यातलं एक ताईच्याच मुलीचं, म्हणजे या भाचीचं.

या सगळ्यात गिलावा मामाचा होता. ताईने बोट दाखवायचं आणि मामाने थापी उचलायची. रस्त्यावर अशी भिंत नव्हती जिच्यावरून त्याचा हात फिरला नव्हता. वाटेने जाताना लोक त्याला थांबवून चहा पाजत. बायको गेल्यावर एकट्या पडलेल्या माणसाला याहून काय हवं असतं?

वखारीचं काम दोन वर्षांपूर्वीचं. वरच्या मजल्यावर समितीचं सभागृह करायचं ठरलं, खाली भाचीची बेकरी. भाचीला दुकान आणि भट्टीची खोली यांच्यामध्ये मोकळी जागा हवी होती, पण मधोमध विटांचा एक जाडजूड खांब होता. तो काढायचा तर समितीच्या इंजिनिअरला विचारायला हवं होतं. इंजिनिअर महिनाभर येणार नव्हती आणि बेकरी आठ दिवसांत उघडायची होती. ताई म्हणाली होती, तू बघ, तुला कळतं. त्या दोन शब्दांनी मामा फुगला होता. त्याने कारखान्याच्या भंगारातून एक लोखंडी गर्डर आणला, दोन्ही भिंतींत खोबण्या केल्या, गर्डर चढवला आणि खांब काढून टाकला. वरच्या मजल्याचा सगळा भार आता त्या गर्डरवर आला. एका बाजूला तो भिंतीत वीतभर आत गेला होता. मागच्या दाराच्या बाजूला मात्र तो आखूड पडला. भिंतीवर जेमतेम चार बोटं टेकला होता. मामाने बोटं लावूनच मोजलं होतं. तेव्हाच काम थांबवायला हवं होतं हे त्याला कळलं होतं, आणि कळूनही त्याने त्यावर गिलावा चढवला होता. पुढे महिनाभर तो रोज तिथे नजर टाकायचा. मग आठवड्यातून एकदा. मग त्याने बघणं सोडून दिलं, कारण बघितलं की जेवण जात नसे.

आता त्या जागी चीर होती, आणि चार दिवसांनी वर नुकत्याच पुऱ्या झालेल्या सभागृहात दोनशे माणसं बसणार होती.

दुपारी भाची मुलीला घेऊन घरी जेवायला गेली तेव्हा मामा परत आला. दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे असेच. त्याने काचेची बोटभर रुंद पट्टी कापून आणली होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा एकेक गोळा लावून त्याने ती पट्टी चिरेवर आडवी बसवली. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहते. भिंत हलत असेल तर काच आधी तडकते. बाकी कशाला फसवता येतं, काचेला येत नाही. मग त्याने वर एक कॅलेंडर टांगलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घ्यायच्या निमित्ताने जाऊन त्याने कॅलेंडर उचलून पाहिलं. काच अखंड होती. मामाच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तो कधी नव्हे ते न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आला, दोन ओळखीच्यांची चेष्टा केली, आणि ताईने सांगितलं म्हणून सभागृहाच्या जिन्याचा कठडाही रंगवून टाकला. रंग चालू असताना खुर्च्यांचा टेम्पो आला. चार माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन धाडधाड वर जाऊ लागली. प्रत्येक दणक्याला मामाचा ब्रश थांबे. सगळ्या खुर्च्या चढवून झाल्यावर तो खाली गेला, भाचीची पाठ वळलेली बघून त्याने कॅलेंडर उचललं.

काच मधोमध तडकली होती.

या ठिकाणी दुसरा कोणी असता तर धावत सुटला असता. मामाने काय केलं, तर तडकलेली काच सोलून खिशात घातली आणि नवी लावली. सिमेंट वाळताना आकसतं, काच पातळ होती, कॅलेंडर वाऱ्याने आपटलं असेल, अशी कारणं तो स्वतःला देत राहिला. खरं तर त्याला भिंतीपेक्षा ताईची भीती वाटत होती. भिंत पडेल की नाही कोण जाणे. ताईचा चेहरा मात्र पडणार हे नक्की होतं. यंदा शहरातून पाहुणे येणार होते. त्यांच्या हातात पुढच्या टप्प्याची मदत होती. कारखान्याची उरलेली जागा, दवाखाना, बस थांबा, सगळं त्यावर अवलंबून होतं. आणि पाहुण्यांना दाखवायचं गावचं सगळ्यात देखणं काम म्हणजे ही वखारच.

दुसरी काच कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. या वेळी नुसती तडकली नव्हती. दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते, मधून नख जाईल एवढे. मामा पिठाच्या पोत्यावर बसला. शेजारी भिंतीला कान लावला तर आत बारीक काहीतरी गळल्यासारखा आवाज येत होता, साखर सांडावी तसा. थांबे, पुन्हा सुरू होई.

ताई तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून अहवाल मोठ्याने वाचायचा सराव करत होती. मामाने सगळं सांगितलं. खांब, आखूड गर्डर, दोन काचा. चार बोटांचं सांगताना त्याने नकळत स्वतःचा हात पुढे धरला. ताईने त्या बोटांकडे बघितलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"दोन वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस."

मामाने हात मागे घेतला.

"माझी नात तिथे दिवसभर असते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पडेल का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुला कळतं ना?"

"नाही कळत, ताई. कळत असतं तर असा गर्डर चढवला असता का? मला फक्त भीती वाटतेय."

ताईने इंजिनिअरला फोन लावला. ती दूरच्या कामावर होती, उद्या संध्याकाळच्या आत पोचू शकत नव्हती. खाली टेकू लावा आणि वर कोणाला जाऊ देऊ नका, असं तिने बजावलं. ताईने फोन ठेवला. मग ती खोलीत येरझारा घालू लागली. पाहुणे निघालेत. दोनशे लोकांना निरोप गेलेत. सभा पुढे ढकलली तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर वखारच काय, रस्त्यावरच्या एकूणएक कामाकडे लोक बोट दाखवतील. सहा वर्षांची मेहनत पाण्यात. बोलता बोलता तिने मधला मार्ग काढला: दोनशेऐवजी साठच माणसं वर घ्यायची, बाकीच्यांना जिन्याखाली उभं करायचं, कार्यक्रम अर्ध्या तासात आटपायचा. खाली मामाने टेकू लावायचे. मामाला ते पटलं नव्हतं, पण ताईपुढे नाही म्हणायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. शिवाय, लाज वाटण्यासारखी गोष्ट खरी, पण हा निर्णय दुसऱ्या कोणी घेतला याचं त्याला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कार्यक्रम होता. मामाने सकाळीच गर्डरखाली तीन लाकडी बल्ल्या ठोकल्या. भाचीला सांगितलं, वर गर्दी होणार, उगाच हादरा नको. तिने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं पण गिऱ्हाइकं होती, ती पुढे गेली. पाहुण्यांसाठी बिस्किटांचे डबे भरायचे होते म्हणून तिने मुलीची बाबागाडी मागे आणून ठेवली, मधल्या बल्लीला लागूनच.

पावणेअकराला वर पावलं वाजू लागली. मामा छताकडे बघत उभा राहिला. आधी दहा-बारा जण असावेत. मग वीस. ताईने साठ सांगितले होते, पण दारात उभं राहून मोजणार कोण? नव्या सभागृहात बसायला मिळावं म्हणून ज्याला त्याला घाई. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी माइक टकटक केला, हसण्याची लाट उठली. भिंतीतला तो साखर सांडल्याचा आवाज आता थांबत नव्हता. मामाने मधल्या बल्लीवर तळहात ठेवला. लाकूड सूक्ष्म कंप पावत होतं. मग बल्लीच्या बुडाशी कर्र असा आवाज झाला, आणि वरून चिमूटभर चुना बाबागाडीच्या छत्रीवर पडला.

मामाने पुढे काय करायचं ते ठरवलं नाही. त्याने बाबागाडीतून पोरीला उचललं आणि दुकानातून सरळ रस्त्यावर चालता झाला. भाची हातातला डबा टाकून त्याच्यामागे धावली. "मामा, काय झालं? तिला काय झालं?" त्याने पोर तिच्या हातात दिली आणि तिला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. आत पाऊल टाकायचं नाही, भट्टी जळू दे, असं बजावून तो जिन्याकडे वळला.

जिन्यावर माणसं चढतच होती. मामाने खालच्या पायरीवर दोन्ही हात आडवे धरले. लोक आधी हसले, मग वैतागले. एकाने त्याला बाजूला सारायला खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात वरून ताई पाहुण्यांना घ्यायला खाली येत होती, हातात अहवाल. भावाला तसा उभा बघून ती मधल्या पायरीवर थांबली. मामाचा आवाज फुटला तो घोगरा, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"वर कोणी जाऊ नका. खालचा खांब मी काढलाय. कोणाला न विचारता काढलाय. भिंत हलतेय."

खांद्यावरचा हात बाजूला झाला. ताई त्याच्याकडे बघत राहिली. ती संतापेल, झिडकारेल, असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र पांढरा पडत गेला. मग ती वळून वर गेली. तिने वर जे केलं ते मामाने नंतर दुसऱ्यांकडून ऐकलं. तिने माइक हातात घेतला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं की आजचा कार्यक्रम खाली रस्त्यावर होणार आहे, तर प्रत्येकाने उठावं, खुर्च्या जागेवरच ठेवाव्यात, आणि पाय न आपटता, भिंतीच्या कडेकडेने एकेकाने खाली जावं. पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं, का? ताई म्हणाली, खाली सांगते.

पंच्याऐंशी माणसं वर होती. ती जिना उतरेपर्यंतचा वेळ मामाच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. तो जिन्याखाली भिंतीला तळहात टेकून उभा होता, जणू त्याच्या हाताने भिंत थांबणार होती. चपला, बूट, साड्यांचे काठ डोळ्यांपुढून सरकत होते. कोणीतरी मध्येच पर्स विसरली म्हणून परत फिरलं, त्याला लोकांनी हाताला धरून ओढलं. सगळ्यात शेवटी राहिले शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. गुडघे कामातून गेलेले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकून मगच पुढची पायरी. ताई त्यांच्या मागे, एक पायरी अंतर ठेवून. आतून पुन्हा कर्र असा आवाज आला. मास्तर थबकले. "चला, मास्तर," ताई हळू म्हणाली, "मी आहे मागे." ते उतरले. ताई उतरली. मामाने भिंतीवरचा हात काढला तेव्हा तिथे घामाचा ओला पंजा उमटला होता.

कार्यक्रम झाला. लोक रस्त्यावर उभे, पाहुणे शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या स्टुलांवर. ताईने एकतीस दुकानं वाचली, एकोणीस घरं वाचली. मग कागद खाली घेतला आणि अहवालात नसलेलं सांगितलं: वखारीत चूक झाली आहे, चूक भावाची आहे, घाई तिची होती, आणि काल सकाळी कळूनही आज लोकांना वर बोलावलं ते तिनेच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काल कळलं होतं हे ऐकून भाचीने आईकडे ज्या नजरेने पाहिलं ती मामाला सहन झाली नाही. त्याने मान खाली घातली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आणि पडलीच नाही तर? फुकट बोभाटा." बऱ्याच माना हलल्या.

इंजिनिअर संध्याकाळी आली, बाहेरूनच बघून तिने दोर बांधून रस्ता बंद केला आणि लोखंडी टेकू मागवले. टेकू यायच्या आत, चौथ्या दिवशी दुपारी गर्डर निसटला. वरच्या मजल्याचा मागचा निम्मा भाग खाली बसला. भट्टी दबली, गल्ला दबला. धुळीचा लोट पार शाळेपर्यंत गेला. आत कोणी नव्हतं.

त्या वर्षी पाहुण्यांची मदत दुसऱ्या गावाला गेली. भाचीने एका रिकाम्या गॅरेजमध्ये लहान भट्टी टाकली आणि तीन महिने ती आईशी आणि मामाशी तुटक बोलत होती. वखारीला लागून असलेली चार दुकानं बंद पडली. मामाला कोणी चहाला थांबवेना, आणि तेही त्याला ठीकच वाटे. तो रस्त्याने जाई तो आपल्याच भिंतींकडे बघत. रोज एखाद्या दारापाशी तो थांबे. इथे काय केलं होतं मी? विचारलं होतं का कोणाला?

एका सकाळी त्याने बसून यादी केली. कोणाला न विचारता जिथे जिथे पहार घातली होती अशा सगळ्या जागा. अकरा भरल्या. ती यादी घेऊन तो ताईकडे गेला. ती दार उघडून बाजूला झाली, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"हे बाहेर गेलं तर लोक तुला या रस्त्यावर उभं करणार नाहीत."

"माहीत आहे."

"मलाही नाही करणार." ती खुर्चीवर बसली. त्या घटनेनंतर प्रथमच तिने त्याला समोर बसायची खूण केली. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," मामा म्हणाला. "पण कागद घरात ठेवला की जास्त वाटते."

इंजिनिअरने अकराही जागा तपासल्या. मामा तिच्याबरोबर शिडी धरून फिरला. प्रत्येक घरात तिने गिलावा फोडला की तो नजर दुसरीकडे वळवी आणि तिचा आवाज यायची वाट बघे. आठ जागा ठणठणीत निघाल्या. दोन ठिकाणी टेकू लावून दुरुस्ती करावी लागली. अकरावी न्हाव्याच्या दुकानाची कमान. इंजिनिअर तिथे बराच वेळ विजेरी लावून आत बघत राहिली, आणि न्हावी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच फेस ठेवून, वस्तरा हातात धरून थांबला.

"हे दुकान आजपासून बंद ठेवा," ती म्हणाली.

न्हाव्याने मामाकडे पाहिलं. मामाने या वेळी मान वळवली नाही. त्याने शिडी भिंतीला टेकवली, आणि गिऱ्हाइकाला हाताला धरून, अंगावरच्या पांढऱ्या कापडासकट, हळूच बाहेर रस्त्यावर आणलं.